श्रम सर्वांचे, पाणी कोणाचे?

फाल्गुन सरून चैत्राचे ऊन तापू लागले की महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण तालुक्यांत अलीकडे एक दृश्य दिसू लागते. पहाटेच्या गारव्यात गावातील स्त्रीपुरुष टिकाव, फावडी आणि घमेली घेऊन माळाकडे निघतात. उतारावर समतल चर खोदले जातात, ओढ्यावर दगडी बांध रचले जातात, जुन्या पाझर तलावातील गाळ उपसला जातो. शाळेतील मुले घोषणा देतात. शहरातून आलेली तरुण मंडळी एक-दोन दिवस घाम गाळून, तळहातांवर फोड घेऊन परत जातात. २०१६ ते २०१९ या चार उन्हाळ्यांत ‘पाणी फाउंडेशन’ने भरविलेल्या स्पर्धेने या दृश्याला व्यापक रूप दिले. पहिल्या वर्षी ३ तालुक्यांपुरती असलेली ही स्पर्धा चौथ्या वर्षी ७६ तालुक्यांत पोहोचली. गटातटांनी पोखरलेली गावे त्या निमित्ताने एका चरात उतरली, हे काम लहान नव्हे. या श्रमाची थट्टा करण्याचे कोणाही विचारी माणसाला कारण नाही.

परंतु ज्या श्रमाचा आदर करावयाचा, त्या श्रमाच्या फळाचे पुढे काय होते हे विचारणे, हाही त्या आदराचाच भाग आहे. चर भरले, बांध तुडुंब झाले, पाणी जमिनीत मुरले, येथवरची कथा सर्वजण उत्साहाने सांगतात. मुरलेले पाणी कोणाच्या मोटारीने वर आले, कोणाच्या शेतात गेले, कोणत्या पिकाच्या मुळाशी पोहोचले, आणि पुढच्या वैशाखात त्याच गावातील कोणत्या वस्तीला पुन्हा टँकरची वाट पाहावी लागली, हा कथेचा उत्तरार्ध मात्र सांगितला जात नाही. जलसंधारणाचा खरा प्रश्न या न सांगितलेल्या उत्तरार्धात दडलेला आहे. पाणी अडविणे आणि जिरविणे हे तंत्राचे काम आहे. अडविलेले पाणी कोणाचे, हा मालकीचा प्रश्न आहे. पहिल्या प्रश्नाच्या गजरात दुसऱ्याचा आवाज दाबला जावा, अशीच व्यवस्था गेली पन्नास वर्षे महाराष्ट्रात चालत आली आहे.

एक साधा हिशेब

भावनेचा भाग बाजूला ठेवून एक साधे गणित मांडून पाहावे. समजा, एका गावात ३०० कुटुंबे आहेत. त्यांपैकी ८० कुटुंबांकडे विहीर अथवा बोअर आहे. १२० कुटुंबे विहीर नसलेली, निव्वळ कोरडवाहू आहेत. उरलेली १०० भूमिहीन आहेत. गावाने ४५ दिवस श्रमदान केले आणि प्रत्येक घरातून रोज एक माणूस आला. एकूण श्रम झाले १३,५०० मनुष्यदिवसांचे. त्यांपैकी विहीरवाल्या कुटुंबांचा वाटा ३,६०० दिवसांचा आणि विहीर नसलेल्यांचा ९,९०० दिवसांचा. म्हणजे जवळजवळ तीन चतुर्थांश श्रम अशा कुटुंबांचे, ज्यांच्याकडे मुरलेले पाणी वर काढण्याचे कोणतेही साधन नाही. पाऊस पडतो, भूजल चढते, आणि भरतात त्या ८० विहिरी.

कोरडवाहू शेतकऱ्याच्या बांधाआड थोडी ओल टिकते, एखादी ज्वारी अधिक भरते, हे खरे. गावात बागायत वाढली तर भूमिहीनाला खुरपणी-काढणीची मजुरी थोडी अधिक मिळते, हेही खरे. एवढ्यावर समाधान मानावे, असा उपदेश त्यांना केला जातो. अर्थशास्त्रात या उपदेशाला झिरपण्याचा सिद्धान्त म्हणतात. वरच्यांची संपत्ती वाढू द्या, ती यथाकाल खाली झिरपेल, असा त्याचा आशय. माळावरचे पाणी खाली झिरपते हा निसर्गाचा नियम आहे. विहीरवाल्याचे उत्पन्न भूमिहीनाच्या झोपडीत झिरपावे, असा नियम मात्र निसर्गाने केलेला नाही आणि समाजानेही केलेला नाही.

‘श्रमदान’ या शब्दाकडेही थोडे निरखून पाहिले पाहिजे. दान देणारा ऐपतदार आणि घेणारा गरजू, असा दानाचा सर्वसाधारण अर्थ. येथे तो उलटा झाला आहे. ज्याच्याजवळ हातांखेरीज काही नाही तो देणारा, आणि ज्याच्या विहिरीवर मोटार बसली आहे तो घेणारा. शहरातील नोकरदाराने रविवारी दिलेला श्रम ही त्याची हौस असू शकते, पुण्यही असू शकते. शेतमजूर स्त्रीने वैशाखात दिलेला दिवस हा तिच्या घरच्या भाकरीतून काढलेला तुकडा असतो. दोघांच्या श्रमाचे छायाचित्र एकाच चौकटीत येते, त्यामुळे दोघांचा त्याग सारखा ठरत नाही.

कायद्याची भिंत

हे असे का होते? गावातील विहीरवाली कुटुंबे दुष्ट असतात म्हणून नव्हे. त्यांच्यातही बहुसंख्य छोटे शेतकरी आहेत, कर्जात बुडालेले आहेत. दोष माणसांचा नसून मालकीच्या रचनेचा आहे. इंग्रजी अमदानीत, १८८२ साली झालेल्या ‘ईझमेंट्स ॲक्ट’ने जमीनमालकाला आपल्या हद्दीतील जमिनीखालचे, निश्चित प्रवाह नसलेले पाणी उपसून वापरण्याचा हक्क मान्य केला. जमीन ज्याची, तिच्याखालचे पाणी त्याचे, ही त्यातून रूढ झालेली समजूत. ज्याच्याकडे जमीन नाही त्याचा भूजलाशी कायद्याने संबंधच उरत नाही. सगळा गाव मिळून माळावर जे पाणी जिरवितो, ते जमिनीखाली उतरताच खाजगी होऊन जाते. सार्वजनिक श्रमाचे खाजगी मालमत्तेत रूपांतर करणारी इतकी अदृश्य आणि इतकी कार्यक्षम यंत्रणा दुसरी सापडणे कठीण.

महाराष्ट्राच्या भूस्तराने ही विषमता अधिक तीव्र केली आहे. राज्याच्या ८० टक्क्यांहून अधिक भूभागाखाली काळा कातळ आहे. या कातळाच्या भेगांत आणि झिजलेल्या थरात जेवढे मावेल तेवढेच पाणी. गंगेच्या खोऱ्यातील गाळाच्या जमिनीसारखा अथांग साठा येथे नाही. एका विहिरीने उपसले की शेजारची उघडी पडते. शेजारच्याने खोल बोअर घेतला की पहिल्याला त्याहून खोल जावे लागते. या शर्यतीत शेवटी तोच टिकतो, ज्याच्याजवळ पुन्हा एक बोअर घेण्याइतका पैसा किंवा सावकाराकडे पत आहे. २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने शेतीसाठी व उद्योगांसाठी ६० मीटरहून, म्हणजे सुमारे २०० फुटांहून, खोल विंधन विहिरी घेण्यास मनाई केली. मराठवाड्याच्या कोणत्याही गावात जाऊन बोअर किती फुटांवर गेले आहेत हे विचारावे. त्या उत्तरातच या कायद्याची किंमत कळते.

पन्नास वर्षांचा धडा

पाणी अडवा, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. महात्मा फुले यांनी १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये सरकारला सुचविले होते की, काळ्या-गोऱ्या लष्करातील व पोलीस खात्यातील फालतू शिपायांकडून जागोजाग तालीवजा बंधारे बांधून घ्यावेत, म्हणजे पावसाचे पाणी शेतांत मुरून मग ओढ्यानाल्यांस मिळेल. या सूचनेत एक मर्म आहे. फुले यांनी हे काम उपाशी कुणब्याच्या फुकट श्रमावर टाकले नव्हते. सरकारच्या पगारी नोकरांवर टाकले होते. शेतकऱ्याच्या करावर पोसलेल्या यंत्रणेने शेतकऱ्याचे काम करावे, हा त्यामागचा न्याय. आजच्या उत्साही मंडळींनी फुले यांची तालीबंधाऱ्यांची सूचना उचलली आणि पगाराचा भाग तेवढा सोयिस्करपणे वगळला.

१९७२ च्या दुष्काळाने दुसरा धडा दिला. मे १९७३ मध्ये राज्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लक्ष माणसे राबत होती. खडी फोडणे, रस्ते, पाझर तलाव, नाला बंडिंग, बांधबंदिस्ती, अशी ती कामे. त्या राबणाऱ्यांच्या संघटित दडपणातून आणि वि. स. पागे यांच्या चिकाटीतून रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम हा हक्क कायद्याने देणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य. २००५ साली केंद्राने तोच विचार देशासाठी कायद्यात आणला. दुष्काळात माणसाला भिकेऐवजी काम, आणि कामाला मजुरी, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले.

या योजनेतही एक भगदाड राहून गेले आणि ते आजतागायत बुजलेले नाही. मजुराला मजुरी मिळाली, कामातून निर्माण झालेली मत्ता मात्र जमीनवाल्यांच्या पदरात पडली. पाझर तलावाच्या खालच्या अंगाला ज्यांच्या विहिरी होत्या, त्यांना बारमाही पाणी झाले. तलाव खोदणारी बाई पुढच्या उन्हाळ्यात दुसरा तलाव खोदावयास गेली. शहरातील पगारदारांकडून व्यवसाय कर घेतला, ग्रामीण गरिबांकडून श्रम घेतले, आणि दोहोंतून उभा राहिलेला पाण्याचा साठा एका लहान वर्गाच्या हवाली झाला. त्या काळी निदान मजुरी तरी मिळत होती. श्रमदानाच्या युगात तीही गेली. ही प्रगती म्हणावी की पीछेहाट, हे सुज्ञांनीच ठरवावे.

तिसरा धडा ताजा आहे. डिसेंबर २०१४ मध्ये राज्य शासनाने जलयुक्त शिवार अभियान सुरू केले. दरवर्षी ५ हजार गावे टंचाईमुक्त करण्याचा संकल्प सोडला. खोलीकरणाची यंत्रे ओढ्यांतून धडधडू लागली. २०२० साली विधिमंडळापुढे आलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालाने सांगितले की, ९,६३३ कोटी रुपये खर्चूनही पाण्याची गरज भागविण्यात आणि भूजलाची पातळी वाढविण्यात अभियान फारसे परिणामकारक ठरलेले नाही. तपासलेल्या १२० गावांपैकी ८३ गावांत निर्माण झालेला साठा पिण्याच्या व शेतीच्या गरजेला पुरेसा नव्हता. राजकीय पक्षांनी या अहवालावरून एकमेकांची उणीदुणी काढली. जानेवारी २०२३ मध्ये अभियानाचा दुसरा टप्पा सुरू झाला. साठविलेल्या पाण्याचा उपसा कोण आणि किती करतो, हा प्रश्न पहिल्या टप्प्यात केंद्रस्थानी नव्हता, दुसऱ्यातही नाही. भांड्याला भोक तसेच ठेवून त्यात ओतणाऱ्याची संख्या वाढविल्याने भांडे भरत नाही.

उसाचा एक एकर

हे भोक कोठे आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगानेच निदर्शनास आणले आहे की, महाराष्ट्रात पिकांखालील क्षेत्राच्या ४ टक्क्यांहूनही कमी क्षेत्र व्यापणारा ऊस सिंचनाचे सुमारे ७० टक्के पाणी पितो. या आकड्याचा अर्थ गावाच्या पातळीवर उलगडून पाहावा. उसाच्या पिकाला सुमारे २,००० मिलिमीटर पाणी लागते असे धरले, तर एक एकर उसाला ८० लाख लिटर पाणी झाले. ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटर हे घरगुती पाण्याचे सरकारी प्रमाण. म्हणजे एका एकराच्या उसात सुमारे ४०० माणसांचे वर्षभराचे पाणी जिरते. एवढ्या लोकवस्तीची वाडी ४५ दिवस राबून चर खोदते, आणि एक मनुष्य एका एकरात ऊस लावून तिचे वर्ष संपवितो. यात कोणताही कायदा मोडला जात नाही, हेच खरे भयंकर आहे.

एप्रिल २०१६ मध्ये लातूरची तहान भागविण्यासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. १२ एप्रिलला पोहोचलेल्या पहिल्या गाडीत ५ लाख लिटर पाणी होते. तिचे स्वागत झाले, छायाचित्रे निघाली. त्याच्या आदल्याच महिन्यात लातुरात पाणी भरण्याच्या जागांभोवती जमावबंदीचा हुकूम लागला होता. आणि त्याच मराठवाड्यातील साखर कारखाने त्या हंगामातही ऊस गाळीत होते. एका एकराच्या उसाला लागणारे पाणी म्हणजे त्या पहिल्या गाडीसारख्या १६ गाड्या. दुष्काळ हा आकाशातून पडतो असे मानणाऱ्यांनी हा भागाकार स्वतः करून पाहावा.

या कथेत आणखी एक कडवट योग आहे. ज्यांच्या वाट्याला पाणी आले नाही, ती बीड जिल्ह्यातील आणि आसपासच्या तालुक्यांतील हजारो कुटुंबे दिवाळी होताच मुकादमाची उचल घेऊन, हातात कोयता धरून ऊस तोडावयास निघतात. ज्या पिकाने कोरडवाहू मुलखाच्या वाट्याचे पाणी प्यायले, तेच पीक तोडून त्यांना पोट भरावे लागते. वैशाखात परत आल्यावर त्यांच्याच हाती पुन्हा श्रमदानाचे फावडे दिले जाते.

आक्षेपांचा विचार

असे काही म्हटले की ठराविक आक्षेप येतात. पहिला असा की, आधी पाणी अडवू, वाटपाचे मग पाहू. हा युक्तिवाद व्यवहारी दिसतो. अनुभव त्याच्या नेमका विरुद्ध आहे. पाणी जमिनीत उतरण्यापूर्वी गावाला एकमेकांची गरज असते, तेव्हाच नियम होऊ शकतात. विहिरी भरल्यावर ज्यांना पाणी मिळाले त्यांना नियमाची गरज उरत नाही, आणि ज्यांना नियम हवा असतो त्यांच्याजवळ सौदा करण्याजोगे काही उरत नाही, कारण त्यांचे श्रम आधीच देऊन झालेले असतात. मजुरी ठरविल्याविना काम करून देणाऱ्याची जी गत होते तीच येथे होते.

दुसरा आक्षेप असा की, गाव एक झाला आहे, त्यात राजकारण आणू नका. पाण्याचे वाटप आजही होतेच आहे. ते मोटारीच्या अश्वशक्तीने आणि बोअरच्या खोलीने होते आहे. या वाटपाला कोणी राजकारण म्हणत नाही, आणि ते बदलण्याची भाषा केली की मात्र ते राजकारण ठरते. ज्या एकोप्यात भूमिहीनाने फक्त खोदावयाचे आणि विचारावयाचे काही नाही, तो एकोपा नव्हे. त्याला जुन्या काळी वेठ म्हणत.

तिसरा आक्षेप ऊस पिकविणाऱ्यांच्या वतीने येतो. ज्या पिकाला कायद्याने ठरलेला किमान दर आहे, उचलणारा कारखाना आहे आणि पिकासाठी कर्ज आहे, ते पीक शेतकऱ्याने का सोडावे? हा आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तर शेतकऱ्याला शिव्या घालून देता येणार नाही. ज्वारी, बाजरी, तूर, करडई यांना तशीच खात्रीची खरेदी मिळाली तर छोटा शेतकरी उसाच्या मागे लागणार नाही. परंतु या खात्रीची मागणी करण्याऐवजी साखर कारखानदारीचे पुढारी पाण्याच्या मर्यादेलाच शेतकरीविरोधी ठरवितात, तेव्हा ते शेतकऱ्याची ढाल करून कारखान्याचे रक्षण करीत असतात.

चौथा आक्षेप असा की, समान वाटप कागदावर शोभते, गावात चालत नाही. याचे उत्तर तर्काने देण्याचे कारण नाही. महाराष्ट्राच्या भूमीवरच ते मिळते.

चाललेले प्रयोग

पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे या अभियंता-उद्योजकाने देवस्थानाची १६ हेक्टर पडीक जमीन खंडाने घेऊन पाणलोटाचा प्रयोग केला आणि त्यातून पाणी पंचायतीची तत्त्वे घडविली. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता कुटुंबातील माणसांच्या संख्येनुसार द्यावयाचे. माणशी अर्धा एकर, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नाही, त्यामुळे जमीन विकली तरी पाणी विकले जात नाही. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. ऊस लावावयाचा नाही. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा सभासदांनी स्वतः उचलावयाचा. या पाच नियमांत जेवढे अर्थशास्त्र आहे तेवढे शासनाच्या कित्येक जाड अहवालांत नाही. शासनाने साळुंखे यांचे कौतुक केले, त्यांची तत्त्वे राज्याचे धोरण म्हणून मात्र स्वीकारली नाहीत.

सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात, येरळा नदीवर, मुक्ती संघर्ष चळवळीच्या बळावर बलवडी आणि तांदूळवाडीच्या लोकांनी १९८० च्या दशकात बळीराजा स्मृती धरण उभारले. ठेकेदारांच्या वाळूउपशाने नदी कोरडी पडत होती. त्या वाळूवर पहिला हक्क गावाचा, तिचा थोडा भाग विकून धरणाचा पैसा गाव उभा करील, ही मागणी लोकांनी लढून पदरात पाडून घेतली. आणि धरणाचे पाणी भूमिहीनांसह सर्व कुटुंबांना सारखे, हे तत्त्व बांधकामाआधी ठरविले. येथेही श्रम होते, त्यागही होता. फरक एवढाच की, श्रम करणाऱ्याला आपण कशासाठी राबतो हे आधी ठाऊक होते.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने समान वाटपापर्यंत मजल मारली नाही, विहिरींची मालकी तेथे खाजगीच राहिली. परंतु शेतीसाठी बोअर नाही, उसासारखी पाणीखाऊ पिके नाहीत, आणि दरवर्षी पावसाचा हिशेब ग्रामसभेत मांडून त्यावर पिके ठरवावयाची, एवढ्या निर्बंधांनीही गाव टिकले. खानदेशातील फड पद्धतीत तर कित्येक पिढ्या शेतकऱ्यांनी बंधाऱ्याखालील पिके मिळून ठरविली आणि पाटकऱ्याच्या हातून पाणी वाटून घेतले. गावकऱ्यांना नियम पाळता येत नाहीत, ही समजूत ज्यांना नियम नको आहेत त्यांनी पसरविलेली आहे.

एक गाव, एक भूजल

१९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो अस्पृश्यांनी पाण्याला हात लावला, तो माणूस म्हणून समान हक्क सिद्ध करण्यासाठी. १९७२ च्या दुष्काळात बाबा आढाव यांनी ‘एक गाव, एक पाणवठा’ ही मोहीम काढली, तेव्हा स्वातंत्र्यानंतर पंचवीस वर्षांनीही गावोगाव दलितांचे पाणी वेगळे असल्याचे महाराष्ट्राला पाहावे लागले. पाणी सार्वजनिक असेल तर ते सर्वांचे, हा त्या दोन्ही लढ्यांचा अर्थ. पाणवठ्याची जागा आता मोठ्या प्रमाणावर बोअरने घेतली आहे. जे पाणी तळ्यात दिसत होते ते जमिनीखाली गेले आहे, आणि त्याच्याभोवतीची भिंत सातबाराच्या उताऱ्याची आहे. विहीर ज्याची नाही त्याच्या पंक्तीत दलित आणि भूमिहीन यांची संख्या मोठी असावी, हा योगायोग नव्हे. एक गाव, एक भूजल, ही त्या अपुऱ्या लढ्याची पुढची पायरी होय.

सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली कमलनाथ प्रकरणात सांगितले आहे की, नैसर्गिक साधनसंपत्तीचा राज्य हा मालक नसून जनतेच्या वतीने विश्वस्त आहे. विश्वस्ताने आपले कर्तव्य करावे यासाठी पुढील मागण्या कष्टकरी जनतेने रेटल्या पाहिजेत.

पहिली, जलसंधारणाच्या कामावर राबणाऱ्या भूमिहीन व कोरडवाहू कुटुंबांना रोजगार हमीच्या कायद्यानुसार पूर्ण मजुरी मिळावी. ज्यांना विनामोबदला श्रम द्यावयाचे असतील त्यांनी खुशाल द्यावेत, गरिबाच्या माथी ते मारू नयेत. दुसरी, काम सुरू होण्यापूर्वी ग्रामसभेने पाणीवाटपाचा ठराव करावा, आणि त्याविना शासनाने वा संस्थेने एक रुपयाही देऊ नये. तिसरी, सामूहिक श्रमाने व सार्वजनिक पैशाने वाढलेल्या पाण्यावर माणशी हक्क मान्य व्हावा. भूमिहीनाने आपला वाटा खंडाच्या जमिनीवर वापरावा, चाऱ्यासाठी वापरावा वा दुसऱ्याला मोबदल्याने द्यावा. चौथी, पिण्याचे पाणी व जनावरांचे पाणी राखल्याखेरीज अवर्षणप्रवण गावांत उसाला उपसा नसावा, आणि त्याबरोबरच भरड धान्ये, डाळी व तेलबियांची हमीभावाने प्रत्यक्ष खरेदी व्हावी. पाचवी, जमिनीच्या मालकीला भूजलाची मालकी जोडणारी १८८२ सालची गाठ कायद्याने तोडावी.

यांतील एकही मागणी अशक्य कोटीतील नाही, कारण नायगावात, बलवडीत, हिवरे बाजारात तिचा कोणता ना कोणता अंश लोकांनी करून दाखविला आहे. अशक्य आहे ते एवढेच की, मालकीला धक्का न लावता केवळ फावड्याच्या बळावर दुष्काळ हटविणे. पुढच्या चैत्रात टिकाव पुन्हा उचलले जातील, उचललेच पाहिजेत. त्या पहाटे माळावर जमलेल्या माणसांपैकी एखाद्या भूमिहीन बाईने पहिला घाव घालण्यापूर्वी एवढेच विचारावे की, या चरात मुरणाऱ्या पाण्यात माझा वाटा किती? गावाला उत्तर देता आले, तर त्या चराला जलसंधारण म्हणावे. उत्तर नसेल, तर तिने टिकाव खाली ठेवावा आणि ग्रामसभा बोलवावी. खोदण्याचे पहिले काम तेथेच आहे.